किशोरवयीन वाचकासाठी विज्ञानकथा आणि फँटसीची पुस्तकं कशी शोधावीत

‘वय १२ ते १८’ असा शिक्का पाहून पुस्तक उचललं की काम झालं, असं वाटतं. फसगत तिथेच होते. बारा वर्षांचा वाचक आणि सतरा वर्षांचा वाचक एका शिक्क्यात मावत नाहीत. त्यात या वयाची मुलं आपल्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या नायकाबद्दल आनंदाने वाचतात, पण लहान नायक दिसला की पुस्तक ‘बाळबोध’ ठरवून बाजूला ठेवतात. अकरा वर्षांच्या नायिकेचं पुस्तक चौदा वर्षांच्या मुलीला दिलं तर ते बहुधा पहिल्या प्रकरणातच पडून राहील, मग ते कितीही चांगलं असो. म्हणून शिक्का शेवटी बघावा आणि सुरुवात आवडीपासून करावी.

१. आवड नेमकी कशाची, ते काढून घ्या

‘तुला काय वाचायला आवडतं?’ या प्रश्नाला ‘काहीही’ हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. कुठला सिनेमा, मालिका किंवा गेम पुन्हा पाहिलास, पुन्हा खेळलास? त्यातला कुठला भाग मित्राला सांगितलास? आणि कुठे कंटाळा आला? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. आवडीबद्दल मुलं मोघम बोलतात, कंटाळ्याबद्दल अगदी नेमकं.

उत्तर ऐकताना नाम सोडा, क्रियापद पकडा. ‘अंतराळयान आवडतं’ यातून फारसं कळत नाही. ‘बिघडलेलं यान त्यांनी कसं दुरुस्त केलं ते भारी होतं’ असं म्हणणाऱ्याला हार्ड सायन्स फिक्शन चालेल, म्हणजे जिथे अडचण विज्ञानाच्या नियमांत बसवून सोडवलेली असते. ‘यानातले लोक सारखे एकमेकांची खेचतात’ असं म्हणणाऱ्याला यानाशी काही देणंघेणं नाही. त्याला एका टोळक्याची गोष्ट हवी आहे, मग ती स्पेस ऑपेरा, म्हणजे अंतराळातली भव्य साहसकथा, असो की जादुई राज्यातल्या चोरांची. नकाशे, घराणी आणि जादूचे नियम यांत रमणाऱ्याला एपिक फँटसी द्या. नेहमीच्या शाळेत-शहरात काहीतरी अघटित शिरलं की ज्याचे डोळे चमकतात, त्याला अर्बन फँटसी. सत्ता सगळ्यांवर नजर ठेवते आणि कुणीतरी पळून जातं, हे आवडलं असेल तर डिस्टोपिया.

२. यादी तयार करा

शोधताना ‘मुलांसाठी फँटसी’ असं लिहिलं तर तीच दहा-बारा खपाऊ नावं फिरून फिरून समोर येतात. दोन खुणा जोडून शोधा: ‘टाइम ट्रॅव्हल’ आणि ‘रहस्य’, ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ (परग्रहवासीयांशी पहिली भेट) आणि ‘विनोदी’, ‘पोर्टल फँटसी’ (आपल्या जगातून दुसऱ्या जगात शिरण्याची गोष्ट) आणि ‘एकच खंड’. ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत आवडलेल्या एका पुस्तकाची नोंद उघडा आणि तिथले विषयशब्द पुढच्या शोधासाठी वापरा. एक गोम लक्षात ठेवा: एकाच लेखकाची पुस्तकं बालविभाग, किशोरविभाग आणि प्रौढांची कपाटं अशा तीन ठिकाणी विखुरलेली असतात. एका कपाटात नाही म्हणजे ग्रंथालयात नाही, असं समजू नका.

पुरस्कारांच्या याद्या उपयोगी असतात, पण विजेत्यापेक्षा अंतिम नामांकनं पाहा. विज्ञानकथा-फँटसीसाठीच्या ह्यूगो पुरस्कारांसोबत २०१८ पासून किशोर गटासाठी वेगळा पुरस्कार दिला जातो. आज त्याचं नाव लोडस्टार आहे. त्याच्या अंतिम यादीत साधारण सहा पुस्तकं असतात, म्हणजे पाच वर्षांच्या याद्या चाळल्या तरी तीसेक नावं हाती येतात. मात्र मतदार असतात वर्ल्डकॉन या जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सदस्य, बहुतांशी मोठी माणसं. त्यामुळे यादीत मोठ्यांना भावणारी पुस्तकं जरा जास्तच येतात. नेब्युला या विज्ञानकथा-फँटसी लेखकांच्या अमेरिकी संघटनेच्या पुरस्कारासोबत दिला जाणारा आंद्रे नॉर्टन पुरस्कार किशोरांबरोबर त्याहून लहान वाचकांच्या पुस्तकांनाही मिळतो, म्हणून तिथे वय वेगळं तपासावं लागतं. सोळा-सतरा वर्षांच्या पट्टीच्या वाचकासाठी मात्र अॅलेक्स पुरस्कारांची यादी पाहाच. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा किशोर विभाग दरवर्षी दहा अशी पुस्तकं निवडतो, जी लिहिलेली असतात मोठ्यांसाठी पण किशोरांना भिडतात. त्यात सगळी विज्ञानकथा नसते, निवडून घ्यावी लागते.

वाचकांचे अभिप्राय वाचायचे तर पाच आणि एक तारेवाले सोडून तीन तारेवाले वाचा. पुस्तकात खरोखर काय आहे, कुठे रेंगाळतं, हे तिथेच लिहिलेलं सापडतं.

३. पान उघडून परीक्षा घ्या

मलपृष्ठावरच्या मजकुरावर जाऊ नका, तो विक्रीसाठी लिहिलेला असतो. पहिलं पान आणि एक तृतीयांशाच्या आसपासचं कुठलंही पान वाचा. पहिलं पान घासूनपुसून चकचकीत केलेलं असतं, लेखनाची खरी चाल मधल्या पानावर दिसते.

इथे एक नेहमीची चाचणी दगा देते. एका पानावर पाच अनोळखी शब्द सापडले तर पुस्तक अवघड, असा पाच बोटांचा नियम सांगितला जातो. विज्ञानकथा-फँटसीत तो जसाच्या तसा लावता येत नाही, कारण अनोळखी शब्द मुद्दामच घडवलेले असतात. नमुन्यादाखल हे वाक्य पाहा: ‘तिसऱ्या घंटेला झुरकांनी कवचं उतरवली आणि पाण्याचा कर भरायला रांगेत उभे राहिले.’ झुरक म्हणजे काय, हे कुणालाच माहीत नाही. पण ते कवच घालतात, घंटेवर चालतात आणि त्यांना पाण्यासाठी कर द्यावा लागतो, एवढं एका वाक्यात कळलं. सरावलेला वाचक न अडखळता पुढे जातो, नवखा ‘झुरक’पाशीच थांबतो. म्हणून बोटं मोजताना घडवलेले शब्द वगळा, भाषेतले खरोखरच अवघड शब्द तेवढे मोजा. घडवलेल्या शब्दांसाठी निकष वेगळा: पान संपेपर्यंत त्यांचा अंदाज येतो का? एका पानावर असे सात-आठ शब्द आले आणि एकाचाही उलगडा झाला नाही, तर ते पुस्तक या प्रकारातलं पहिलं पुस्तक म्हणून देऊ नका. सुरुवातीला पात्रांची दोन पानी यादी आणि शेवटी शब्दार्थसूची दिसली, तर पुढे गर्दी आहे हे समजून घ्या.

जाडी पाहून बिचकणाऱ्यासाठी लघुकादंबरी उत्तम. नेब्युलाच्या वर्गीकरणात १७,५०० ते ४०,००० शब्दांच्या कथनाला नॉव्हेला म्हणतात. दोन-तीन बैठकांत संपते आणि ‘मी पुस्तक संपवलं’ हे समाधानही मिळतं. कथासंग्रहही चालतो. मराठीत विज्ञानकथेला हात घालायचा तर जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ ही सोयीची सुरुवात आहे, कारण एखादी कथा नाही रुचली तरी पुढची वाट पाहत असते.

४. मालिका असेल तर आधी चौकशी

फँटसी बहुतेकदा मालिकेतच येते आणि दुकानात नेमका दुसरा खंड मिळतो. इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस या मोफत सूचीत लेखकाचं नाव टाका, मालिकेतल्या सगळ्या खंडांचा क्रम मिळतो. पाठीवरच्या आकड्यावर विसंबू नका. सी. एस. लुईसच्या नार्निया या फँटसी मालिकेचे सात खंड १९५० ते १९५६ या काळात आले. सहाव्या क्रमाने, १९५५ मध्ये आलेल्या खंडाला पुढच्या अनेक आवृत्त्यांत पहिला आकडा दिला गेला, कारण त्यातली घटना सगळ्यात आधीची आहे. आमच्या मते अशा वेळी प्रकाशनाचा क्रम पाळावा. आधीची कथा नंतर लिहिताना वाचकाला पुढचं माहीत आहे, असं लेखक धरून चालतो.

मालिका पूर्ण झाली आहे का, तेही बघा. शिवाय पहिला खंड चाळून सगळ्या मालिकेला हिरवा कंदील दाखवू नका. हॅरी पॉटर पहिल्या पुस्तकात अकराचा होतो आणि शेवटच्यात सतराचा. त्याच्याबरोबर मृत्यू आणि हिंसाही वाढत जाते.

५. आवृत्ती तपासा

जुन्या अभिजात पुस्तकांत हा घोळ जास्त. कॉपीराइटच्या पानावर ‘संक्षिप्त’, ‘रूपांतर’ किंवा ‘पुनर्कथन’ असे शब्द शोधा. अनुवाद असेल तर अनुवादक कोण आणि वर्ष कुठलं, ते पाहा. ज्यूल व्हर्नच्या पाणबुडीवरच्या प्रसिद्ध कादंबरीच्या पहिल्या इंग्रजी अनुवादात जवळजवळ चौथा हिस्सा गाळला होता आणि शास्त्रीय तपशिलांत चुका होत्या. त्याचा कॉपीराइट केव्हाच संपला असल्याने तोच अनुवाद स्वस्त छपाईत आणि मोफत ई-बुकांत अजून फिरतो. वाचकाला व्हर्न कंटाळवाणा वाटतो आणि दोष असतो अनुवादाचा.

६. आशय झेपेल का

‘न्यू अॅडल्ट’, म्हणजे नुकत्याच प्रौढ झालेल्या वाचकांसाठीचा, हा शिक्का किशोरांसाठी नाही. त्यात शरीरसंबंधांची उघड वर्णनं असू शकतात आणि मुखपृष्ठं किशोर फँटसीसारखीच दिसतात. हिंसा, आत्महत्या, नशा याबद्दल शंका असेल तर कॉमन सेन्स मीडिया किंवा द स्टोरीग्राफ या संकेतस्थळांवरच्या आशयसूचना पाहा. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, घेताना मलपृष्ठावरचं वयाचं चिन्ह वाचा. ‘शोनेन’ हा शब्द किशोर मुलगे डोळ्यांसमोर ठेवून काढलेल्या मांगासाठी आहे, ‘सेनेन’ प्रौढ पुरुषांसाठी. चित्रशैली एकसारखी असल्याने नुसतं चाळून फरक कळत नाही.

७. एक नको, तीन द्या

एक पुस्तक आवडीच्या अगदी जवळचं, एक थोडं बाजूचं, एक पूर्ण वेगळं. शक्यतो ग्रंथालयातून आणा, म्हणजे परत करताना जीव तुटत नाही. पन्नास पानांनंतर सोडायची पूर्ण मुभा द्या. ‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न मात्र अजिबात नको. सोडलेल्या पुस्तकाचा पान क्रमांक तेवढा विचारून लिहून ठेवा. दहाव्या पानाच्या आत सुटलं तर भाषा किंवा घडवलेले शब्द आडवे आले असतील, तिसऱ्या पायरीकडे परत जा. ऐंशी-नव्वद पानांवर सुटलं तर वाचन जमत होतं पण कथा जमली नाही, तेव्हा पहिल्या पायरीतला कंटाळ्याचा प्रश्न याच पुस्तकाबद्दल विचारा.