मुलासोबत वाचायला पुस्तक निवडताना

तिसरीतलं मूल म्हणजे तिसरीचं पुस्तक, हा हिशेब पहिल्याच दिवशी फसतो. तीन-चार पुस्तकं समोर ठेवा, निवड मुलाला करू द्या आणि मधलं एखादं पान मोठ्याने वाचायला सांगा. पहिलं पान नको, ते बहुधा सोपं असतं. साधारण पन्नास शब्दांत एक-दोन ठिकाणी अडलं तर पुस्तक त्याच्या हातात द्या. पाचापेक्षा जास्त वेळा अडलं तर ते तुम्ही वाचून दाखवायचं; बाद करायचं नाही.

कुठे अडतं तेही बघा. मराठीत गाडी बहुतेक जोडाक्षरांवर थांबते. ‘घर, पाणी, माकड’ सरसर वाचणारं मूल ‘पर्वत’चं ‘परवत’ करतं, ‘प्रकाश’चं ‘परकाश’. अशा मुलाला पानावर दोन-तीन ओळी, ठळक टाइप आणि पुन्हा पुन्हा येणारं वाक्य असलेलं पुस्तक द्या. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या पुस्तकांवर १ ते ४ अशी पातळी छापलेली असते. त्यांच्याच स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर ती मराठीतही फुकट मिळतात. पातळी मात्र अंदाजापुरतीच धरा.

घरात अहिराणी किंवा मालवणी बोलत असतील तर पुस्तकी मराठी जड जाते. तिथे चित्रांवर आधी गप्पा मारा, मुलाचे शब्द तसेच चालू द्या.

बोधकथांचा गठ्ठा टाळलेलाच बरा. शेवटी ‘तात्पर्य’ दिसलं की मूल परीक्षेच्या पवित्र्यात जातं. वीस मिनिटांत संपेल एवढंच पुस्तक घ्या. तेच पुस्तक चौथ्यांदा मागितलं तर खुशाल वाचा.