मुलांना घेऊन आदिमानवाच्या संग्रहालयात जाण्याआधी

तयारी पिशवीपासून नको, काळापासून सुरू करा. मुलांच्या लेखी ‘फार पूर्वी’ हा एकच काळ असतो. डायनोसॉर आणि गुहेतला माणूस त्यात शेजारी राहतात. म्हणून आठवडाभर आधी ए-४ आकाराचे २५ कागद आडवे चिकटवून सात मीटरची पट्टी करा. एक मीटर म्हणजे १० लाख वर्षं. खुणा कागद मोजून करू नका, कारण चिकटवताना प्रत्येक जोडात सेंटिमीटरभर कागद जातो. ‘आज’च्या टोकाला टेप धरून मोजा. इथिओपियात १९७४ साली सापडलेली ‘लुसी’ (एका आदिमानव मादीचा सांगाडा) ३ मीटर २० सेंटिमीटरवर येते. आपली जात, होमो सेपियन्स, शेवटच्या ३० सेंटिमीटरमध्ये, म्हणजे जेमतेम एका कागदात मावते. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरची ४५ हजार वर्षांहून जुनी गुहाचित्रं साडेचार सेंटिमीटरवर, आणि लिपी शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरवर. डायनोसॉर विचारले तर दाराबाहेर बोट दाखवा: ६६ मीटर लांब. हे घरीच मिटवलं नाही, तर तिथे मूल शेवटच्या दालनापर्यंत डायनोसॉरच शोधत राहतं.

पट्टीवर एक सरळ रांग काढायचा मोह टाळा. वाकलेलं माकड हळूहळू ताठ होत माणूस होतं, हे चित्र चुकीचं आहे. चिंपांझी आपले पूर्वज नाहीत, चुलत भावंडं आहेत. दोघांचा समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांमागचा. फांद्या काढा, त्यातल्या बऱ्याच मध्येच तुटू द्या. निअँडर्थल माणसांची (आपल्या जवळच्या, आता नामशेष झालेल्या जातीची) फांदी चार सेंटिमीटरवर थांबते.

दुसरी तयारी हाताच्या छापाची. एक चमचा गेरू चार चमचे पाण्यात कालवून फडक्यातून गाळा. जाड कागदावर पंजा घट्ट टेकवा, जुना टूथब्रश त्या रंगात बुडवून झटका आणि वीतभर अंतरावरून अंगठ्याने केस ओढून तुषार उडवा. पाणी जास्त झालं की रंग बोटांखाली शिरतो आणि कड पुसट होते. तोंडाने फुंकायला देऊ नका, रंग पोटात जातो. मग दुसऱ्या कागदावर तळव्याला रंग लावून ठसा घ्या. दोन्ही करून पाहिलेलं मूल गुहेच्या भिंतीवरचा हाताचा छाप पाहताक्षणी सांगतं, हा फवारलेला की उमटवलेला.

मोठ्या मुलांना आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: कोळशाच्या रेघेचं वय कार्बनवरून काढता येतं, गेरूचं नाही, कारण गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड, त्यात मोजायला कार्बनच नसतो. सुलावेसीत चित्रावर चढलेल्या चुन्याच्या थराचं वय काढलं. चित्र त्याहून जुनंच असणार.

‘हे खरं आहे का?’ हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक ठिकाणी कवट्या आणि सांगाडे प्रतिकृती असतात. लुसीची मूळ हाडं अदिस अबाबाच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहेत. पाटीवर ‘प्रतिकृती’ शोधणं हे मुलाचंच काम करून टाका. गुहाही प्रतिकृती असू शकते. फ्रान्समधली लास्को ही चित्रांची गुहा १९६३ साली बंद झाली, कारण प्रेक्षकांच्या श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड चित्रांना बाधू लागले. हात का लावायचा नाही, हे समजवायला एवढं पुरतं.

घाबरण्याचीही तयारी लागते. चित्रांची दालनं अंधारी ठेवतात. आत शिरल्यावर पाचेक मिनिटं नुसतं उभं राहा, तोवर फिकट रेषा दिसतच नाहीत. मोबाइलचा टॉर्च किंवा फ्लॅश मारायचा नाही. दक्षिण आफ्रिकेत १९२४ साली मिळालेल्या ‘टाँग’ नावाच्या आदिमानवाच्या कवटीबद्दल आधीच सांगा की ती साधारण तीन वर्षांच्या पिल्लाची आहे; पाटी वाचून अचानक कळलं की काही मुलं हबकतात. पुतळे उघडे असतात, हेही सांगून टाका. हसू घरीच संपतं.

फोन करून शाळांच्या सहलींची वेळ, बाबागाडी आणि पिशव्या ठेवायची सोय विचारून घ्या. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाऊण तास पुरे, मोठ्यांसाठी दीड. सगळं पाहायचा अट्टहास नको, तीनच थांबे ठरवा. पहिला लुसी: ती सुमारे १०५ सेंटिमीटर उंच होती, म्हणजे पाचेक वर्षांच्या मुलाएवढी; शेजारी उभं करून बघा. दुसरा दगडी हत्यारं, तिसरा चित्रं. चित्रांपाशी एकच काम द्या, कुठला प्राणी कुणाच्या अंगावर काढलाय ते शोधायचं.

पिशवीत टोक केलेल्या दोन पेन्सिली (शाईचं पेन बऱ्याच ठिकाणी चालत नाही), टेकवायला पुठ्ठा, शिंप्याचा कापडी टेप आणि स्वेटर, कारण आत गारठा असतो. दगड फोडून हत्यार घडवण्याचं प्रात्यक्षिक असेल तर पायात बंद बूट हवेतच. ताजी ढलपी काचेसारखी कापते आणि दोन-तीन मीटर सहज उडते.