डोमेन कुणाच्या नावावर आहे? फोन लावण्याआधीची तयारी

रामबागेतल्या आपल्या मंडळाची वेबसाइट नेमकी कुणाच्या नावावर आहे, हे जुन्या कार्यकर्त्यांना विचारण्याआधी डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची, नोंद स्वतः बघायची, आणि बघितल्याबरोबर जतन करायची. अख्ख्या पानाची पीडीएफ काढा, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, कार्यकारिणीतल्या दोघांना ईमेल करा. गेल्या वेळी नेमकं हेच राहिलं. नोंद वाचली, फोनाफोनी झाली, आणि पुन्हा बघितलं तेव्हा संस्थेचं नाव तिथून गेलेलं होतं. तिथे फक्त आजची स्थिती दिसते, कालची नाही.

नाव टाकताना डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि तिरक्या रेघेपुढचं सगळं गाळा. डॉट कॉम, डॉट ऑर्ग असेल तर आयकॅन या जगभरच्या डोमेनची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचं लुकअप, म्हणजे नोंद शोधायचं, पान. डॉट इन असेल तर ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या भारतीय संस्थेची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या नावांची मूळ नोंदवही. गूगलवर वर येणाऱ्या भलत्या साइट्सवर जाऊ नका, तिथली माहिती शिळी असू शकते. डॉट कॉमसारख्या नावांसाठी नोंद दाखवणारी जुनी 'हू इज' सेवा चालवण्याचं बंधन 28 जानेवारी 2025 ला संपलं. आता त्याच कामासाठी आरडॅप ही नवी पद्धत आहे.

मालकाच्या रकान्यात 'रिडॅक्टेड' (माहिती झाकलेली) दिसलं म्हणून लगेच कुणावर संशय घेऊ नका. मे 2018 मध्ये युरोपचा गोपनीयता कायदा लागू झाल्यापासून बहुतेक नोंदी अशाच दिसतात. कधी संस्थेचं नाव, राज्य, देश एवढं उघडं असतं. ते असेल तर आधी जतन, मग पुढचं वाचन. रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, कोण ते लिहून घ्या, कारण खरी नोंद त्याच्याकडे असते आणि मालकीबद्दलचं पत्र त्यालाच जायचं आहे. होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचं, बिल जोशीकाका भरतात म्हणून डोमेन त्यांचं होत नाही, आणि नेमसर्व्हरवरूनही (नाव टाकल्यावर साइट कुठे आहे ते सांगणारा सर्व्हर) मालक कळत नाही.

मुदतीच्या तारखेवर डोळे मिटून विश्वास नको. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्री आपणहून एक वर्ष पुढची तारीख लावते, पण पैसे भरलेले नसतील तर रजिस्ट्रार 45 दिवसांत ते नाव काढून टाकू शकतो. म्हणून स्टेटस वाचाच. 'रिडेम्प्शन पीरियड' (सोडवून घ्यायची मुदत) असेल तर जुन्या मालकाच्या हातात 30 दिवस, तेही जास्तीचे पैसे भरून. 'पेंडिंग डिलीट' आलं की 5 दिवसांत नाव सुटतं, मग कुणीही घेईल. 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलू नये म्हणून लावलेलं साधं कुलूप, त्याची काळजी नको.

जतन केलंत ना? नसेल तर फोन खाली ठेवा, आधी ते करा.

मग फोन. आवाज चढवायचा नाही, मंडळाचा ठराव आणि जुनी बिलं जवळ ठेवायची. डोमेन परत मिळालं की नोंदीत ईमेल मंडळाचा, कार्ड मंडळाचं, ऑटो-रिन्यू चालू. नाहीच दिलं तर डोमेनच्या वादासाठीची तक्रार-प्रक्रिया आहे: डॉट इनसाठी आयएनडीआरपी, डॉट कॉमसाठी यूडीआरपी. त्यासाठी वकील गाठा.