पंखाच्या मुळाशी राहिलेली फट

विमानाच्या १:७२ च्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) प्लॅस्टिक मॉडेलमध्ये पंख आणि धड जुळतात तिथे फट राहिली होती. अशा जागी नुसती पुट्टी भरू नये. वाळताना ती आकसते आणि रंगानंतर बारीक चर उठून दिसतो. ०.२५ मिमी जाडीची प्लॅस्टिकची पट्टी फटीत सरकवून पातळ सिमेंट (प्लॅस्टिक मऊ करून जोडणारा गोंद) लावलं. पट्टी जाड झाली तर पंखांचा कोन बिघडतो, म्हणून आधी कोरडी जुळणी, म्हणजे सिमेंट न लावता बसवून पाहणं. दिवसभर वाळल्यावरच जादा भाग कापला; मऊ प्लॅस्टिक ब्लेडबरोबर ओढलं जातं. मग ४००, ६००, १००० नंबरचा पॉलिश पेपर, पाणी लावून.

सांधा खरंच गेला का, हे राखाडी प्रायमरच (रंगाआधीचा अस्तराचा थर) सांगतो. घासताना बुजलेल्या पॅनेल रेषा (विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या खाचा) इथेच पुन्हा कोरल्या. रंग एअरब्रशने (हवेच्या दाबावर चालणारा छोटा फवारा), साधारण १५ पीएसआय दाबावर, पातळ थरांत. डिकलआधी (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) ग्लॉस, म्हणजे चकचकीत, वार्निश हवंच. मॅट रंगावर डिकलखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात.