मेंदूतील दुर्मीळ गाठींचे एमआरआय वाचताना या चुका टाळा

निवासी डॉक्टरांचे रिपोर्ट तपासताना गाठीचे नाव बरोबर आहे की नाही यापेक्षा ते किती घाईने लिहिले आहे, हेच मला आधी दिसते.

सर्वांत महाग पडते ती बायोप्सीआधीच स्टिरॉइड देण्याची चूक, आणि ती फक्त वॉर्डातल्या डॉक्टरांची आहे असे म्हणून आपल्याला, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्यांना, हात झटकता येत नाहीत. काही वर्षांपूर्वी साठीतल्या एका गृहस्थांच्या एमआरआयमध्ये व्हेंट्रिकलला (मेंदूतील द्रवाच्या पोकळीला) लागून असलेली गाठ काँट्रास्ट औषध टोचल्यावर एकसारखी उजळली होती. ती डिफ्यूजनवर (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या एमआरआय चित्रावर) पांढरी, एडीसीवर (त्याच हालचालीचे मोजमाप दाखवणाऱ्या नकाशावर) काळसर आणि साध्या सीटीवरही भोवतालच्या मेंदूपेक्षा दाट होती. मी ‘लिम्फोमाची दाट शक्यता’ (लिम्फोमा म्हणजे लिम्फ पेशींचा कर्करोग) असे लिहिले, पण वॉर्डात फोन केला नाही. रिपोर्ट फाइलला लागेपर्यंत सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू झालेले होते. आठवड्याने पुन्हा स्कॅन केला तेव्हा गाठ जवळजवळ विरघळली होती आणि घरचे लोक पेढे घेऊन आले होते. स्टिरॉइडने गाठ तात्पुरती विरल्यामुळे बायोप्सीत मात्र निदान करण्याजोगे काहीच हाती लागले नाही. काही महिन्यांनी गाठ परतली. तेव्हापासून असे चित्र दिसले की रुग्ण टेबलावरून उतरायच्या आत मी फोन उचलतो. मेंदूवरील दाब जिवावर बेतत असेल तर स्टिरॉइड रोखता येत नाही, हे मान्य. पण नुसत्या डोकेदुखीसाठी ते सवयीने सुरू करू नये.

डिफ्यूजन वगळल्यास एपिडर्मॉइड गाठ (त्वचेसारख्या पेशींची) अरॅक्नॉइड सिस्ट (द्रवाने भरलेली पिशवी) म्हणून सहज खपून जाते, कारण टी-२ या एमआरआय चित्रावर दोन्ही पाण्यासारख्याच दिसतात. आणि डिफ्यूजनवरचा पांढरेपणा एडीसीशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर एक शब्दही लिहू नये.

काँट्रास्टनंतर फक्त कडे उजळणारी गाठ दिसली की नवशिक्यांना ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा घातक कर्करोग आठवतो. आपल्याकडे क्षयाची गाठ आणि सिस्टिसर्कोसिस (फीतकृमीच्या अळ्यांचा संसर्ग) आधी आठवावेत. कडे एका बाजूने तुटलेले असेल, तर डिमायलिनेशनचाही (चेतातंतूंचे आवरण नष्ट होण्याचा) विचार करावा.

स्पेक्ट्रोस्कोपी (गाठीतील रसायने मोजणारी एमआरआय तपासणी) हा उतावळ्यांचा लाडका आडमार्ग आहे. कोलीन हे रसायन वाढले म्हणजे ट्यूमर, हे समीकरण चुकीचे आहे. ते डिमायलिनेशनमध्येही वाढते.

टी-२ वर एकसारखी पांढरी असलेली गाठ फ्लेअरवर (मोकळ्या द्रवाचा पांढरेपणा दाबणाऱ्या चित्रावर) आतून काळसर आणि फक्त कडेला पांढरी दिसली, तर आयडीएच जनुकात बदल असलेल्या, मेंदूच्या आधारपेशींतून होणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसायटोमाचा तो भक्कम पुरावा असतो. मात्र ही खूण नसणे म्हणजे अ‍ॅस्ट्रोसायटोमा नसणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात अशा गाठींचे नाव जनुकीय तपासणीवरच ठरते, त्यामुळे रिपोर्टात ‘शक्यता’ लिहिण्यात कमीपणा नाही.

गाठीत साचलेला कॅल्शियम पाहण्यासाठी सीटी मागवायला लाजू नये.

पिनिअल भागात (मेंदूच्या मधोमध असलेल्या छोट्या ग्रंथीजवळ) गाठ असेल तर मणक्याचा एमआरआय शस्त्रक्रियेआधीच उरकून घ्यावा. नंतर तिथे उतरलेले रक्त पसरलेल्या गाठीसारखे दिसते, आणि मग दोन आठवडे नुसते थांबून राहावे लागते.