कापलेली सर्व्हिस नेटमध्ये का जाते? सोसायटीच्या टेबलावरून टेबल टेनिस शिकताना

ठाणे-नवी मुंबईत घोडबंदर रोडवर, खारघरला, नेरूळला मोठ्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये एक टेबल बहुधा असतंच. तिथे रोज संध्याकाळी खेळणारे दोन-तीन महिन्यांत एकाच जागी अडतात. सरळ आलेला चेंडू छान परत जातो, पण एखाद्या मुरलेल्या काकांनी सर्व्हिस कापून, म्हणजे चेंडूचं पोट बॅटने घासून, टाकली की तोच फटका नेटमध्ये. मग जोर वाढवला जातो आणि चेंडू आणखी खाली जातो. चूक जोरात नसते, बॅटच्या कोनात असते. रबर छताकडे झुकलं की बॅट ओपन, टेबलाकडे झुकलं की क्लोज. चेंडूवर फिरकी कोणती आहे ते ओळखून बॅट किती ओपन, किती क्लोज ठेवायची, हे हाताला कळायला लागलं की खेळ खऱ्या अर्थाने सुरू होतो.

आधी टेबल तपासा. लांबी २.७४ मीटर, रुंदी १.५२५ मीटर, उंची ७६ सेंटिमीटर ही मापं कंपनीच्या टेबलात बरोबरच असतात. बिघडलेली असते ती नेट. तिचा दोर सैल होऊन मधोमध झोळ पडतो. शाळेची फूटपट्टी उभी धरून मोजा, १५.२५ सेंटिमीटर भरली पाहिजे. बुटक्या नेटवर महिनाभर सवय झाली की बाहेर स्पर्धेत प्रत्येक पुश, म्हणजे कापलेला चेंडू हलकेच परतवायचा फटका, अडकतो. त्याच फूटपट्टीच्या टोकावरून, म्हणजे ३० सेंटिमीटरवरून, चेंडू टेबलावर सोडा. साधारण २३ सेंटिमीटर उसळला पाहिजे, आणि चारही कोपऱ्यांत सारखाच. एका कोपऱ्यात मेला तर पायाखालचे स्क्रू फिरवून टेबल लेव्हल करा. दोन्ही टोकांना मागे किमान दोन-अडीच मीटर मोकळी जागा हवी. चेंडूचं वजन फक्त २.७ ग्रॅम, त्यामुळे डोक्यावरचा पंखा बंद ठेवा. स्टिल्ट पार्किंगमध्ये टेबल असेल तर वाऱ्यात सर्व्हिसचा सराव करू नका, टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर उडवणं, शिकताच येत नाही. गुळगुळीत टाइल्सवर चपला घालून खेळणं म्हणजे घोटा मुरगळून घेणं. चांगल्या पकडीचे, पातळ तळाचे बूट घाला.

बॅट घेताना ‘फास्ट’ या शब्दाला भुलू नका. कार्बनचं ब्लेड, म्हणजे रबराखालची फळी, नवशिक्याच्या हातात चेंडू नुसता उडवतं. पाच थरांचं लाकडी ऑलराउंड ब्लेड, दोन्ही बाजूंना गुळगुळीत, म्हणजे वर दाणे नसलेलं, रबर आणि त्याखाली १.८ ते २ मिलिमीटर स्पंज, एवढं पहिली दोन वर्षं पुरतं. दुकानात तयार बॅट घेत असाल तर चेंडू बोटाने रबरावर दाबून सरकवून पाहा. अडकत, रबर ओढत सरकला तर फिरकी देता येईल. काचेवरून जावा तसा घसरला तर ती बॅट फक्त ठोकायला बरी. स्पर्धेसाठी रबरावर आयटीटीएफची, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाची, मान्यतेची खूण लागते. एक बाजू काळी आणि दुसरी वेगळ्या रंगाची असावी लागते. पूर्वी तो रंग लालच असे, ऑक्टोबर २०२१ पासून गुलाबी, जांभळा, हिरवा, निळाही चालतो.

ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्याबद्दल इथेच सांगायला हवं. जून ते सप्टेंबर रबरावर दमटपणाचा पातळ थर बसतो, घर्षण कमी होतं, चेंडू रबराला न चिकटता घसरतो आणि एरवी आत पडणारा टॉपस्पिन, म्हणजे चेंडू पुढच्या दिशेने फिरवणारा फटका, नेटमध्ये जातो. खेळणाऱ्याला वाटतं आपला हात बिघडला, आणि तो चांगला बसलेला फटका बदलायला जातो. तसं करू नका. एसी असेल तर खेळायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं लावा, कोरडं मायक्रोफायबर फडकं जवळ ठेवा, बॅट आणि चेंडू दोन्ही पुसत राहा. खेळून झालं की ओल्या स्पंजने रबर पुसून, वाळवून, वर प्लास्टिकची फिल्म लावून ठेवा. भर दुपारी गाडीच्या डिकीत बॅट ठेवली तर रबराचा कस लवकर जातो.

पकड आणि पहिले दोन फटके

शेकहँड पकड म्हणजे बॅटशी हस्तांदोलन. तीन बोटं दांड्यावर, तर्जनी मागच्या रबराच्या खालच्या कडेने आडवी, अंगठा पुढच्या बाजूला आखूड. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी बॅटच्या कडेवर नेमकी बसली पाहिजे. ती एका बाजूला सरकली की फोरहँड बरा लागतो आणि बॅकहँडचा कोन बिघडतो, किंवा उलट. बॅकहँड ‘येतच नाही’ म्हणणाऱ्यांची पकड आधी बघावी, बहुतेकदा दोष तिथेच सापडतो. कुणी बॅट हातातून ओढली तर थोड्या ओढीने निघावी, एवढाच दाब ठेवा. घट्ट मुठीत मनगट मरतं.

पाय खांद्यांपेक्षा जास्त रुंद, उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा पाय किंचित मागे, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, टेबलापासून साधारण एक हात लांब. फोरहँड ड्राइव्हला कंबर उजवीकडे वळवा, बॅट टेबलाच्या उंचीला, कोपर अंगापासून वीतभर लांब. चेंडू उसळीच्या सर्वांत वर असताना, शरीराच्या जरा पुढे घ्या. बॅट थोडी क्लोज, आणि फटका संपताना हात सलाम केल्यासारखा भुवईसमोर. हात एकटा फिरतोय आणि कंबर स्थिर आहे, ही सर्रास दिसणारी चूक. खूण सोपी आहे: दहा मिनिटांत दंड दुखायला लागला तर कंबर वळत नाहीये. बॅकहँडला बॅट पोटासमोर, कोपर जरा पुढे, आणि कोपर बिजागरीसारखं ठेवून पुढचा हात दारासारखा उघडायचा.

सराव कोपऱ्यातून कोपऱ्यात, तिरका करा. टेबलाचा कर्ण सुमारे ३.१४ मीटर भरतो, म्हणजे सरळ रेषेपेक्षा ४० सेंटिमीटर जास्त जागा मिळते. न चुकता ५० फोरहँड, ५० बॅकहँड होईपर्यंत वेग वाढवू नका. रविवारी एकदम चार तास खेळण्यापेक्षा आठवड्यातून चार दिवस एकेक तास कितीतरी उपयोगाचा.

त्यानंतर पुश. कापून आलेला चेंडू, म्हणजे बॅकस्पिन, रबराला लागला की खाली पळतो. म्हणून बॅट ओपन ठेवून त्याच्या पोटाखालून पुढे सरकवायची. उसळून वर येत असतानाच घ्या, वाट बघितली की चेंडू खाली येतो आणि उचलावा लागतो. पुश उंच जात असेल तर बॅट फार ओपन आहे किंवा हात वर जातोय. कुऱ्हाडीसारखा खाली घाव घालाल तर चेंडू नेटच्या पायथ्याशी पडेल.

सर्व्हिस : एकट्याने शिकता येणारी गोष्ट

नव्या खेळाडूने वेळ घालवावा तर इथे. जोडीदार लागत नाही, बादलीभर चेंडू आणि रिकामं टेबल पुरतं, तरी क्लबहाऊसमध्ये सर्व्हिसचा सराव करणारा क्वचितच दिसतो.

आधी नियम नीट. चेंडू उघड्या, स्थिर तळव्यावर. तिथून जवळपास सरळ वर किमान १६ सेंटिमीटर उडवायचा, म्हणजे नेटच्या उंचीपेक्षा थोडा जास्त, आणि खाली येताना मारायचा. चेंडू शेवटच्या रेषेच्या मागे आणि टेबलाच्या पातळीच्या वर असावा. टॉस झाला की मोकळा हात बाजूला घ्यायचा, कारण चेंडू अंगाआड किंवा हाताआड लपवता येत नाही. मुठीतून चेंडू सोडून थेट ठोकणं सोसायटीत चालून जातं, पण त्या सवयीने पहिल्याच स्पर्धेत पंच गुण समोरच्याला देतात.

आता आखूड बॅकस्पिन सर्व्हिस. शेवटची तीन बोटं दांड्यावरून सैल सोडा आणि बॅट अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरा, मनगट मोकळं होतं. बॅट जवळजवळ आडवी. चेंडू नेटच्या उंचीपर्यंत खाली येऊ द्या, मग त्याचं पोट रबराने पुसून काढा. ठोकल्याचा ‘टक’ आवाज आला तर चेंडू स्पंजपर्यंत बुडाला आणि फिरकी गेली. बरोबर लागला की कागदावर बोट फिरवल्यासारखा हलका आवाज येतो. पहिला टप्पा आपल्या अर्ध्या टेबलाच्या मधोमध किंवा नेटकडे टाकला की सर्व्हिस आखूड पडते. लांब, वेगवान सर्व्हिसला तो शेवटच्या रेषेजवळ टाकायचा. कस पाहायचा असेल तर चेंडू न अडवता जाऊ द्या. पलीकडे त्याचे दोन टप्पे पडले तर लांबी बरोबर. दुसऱ्या टप्प्यानंतर तो थबकून नेटकडे परत वळायला लागला तर फिरकी भरपूर आहे. टेबलावर नेटजवळ ए-फोर कागद ठेवून नेम धरा आणि रोज ३० सर्व्हिस टाका.

ती जमली की त्याच हालचालीत फिरकी नसलेली सर्व्हिस शिका: हात तसाच, पण चेंडू दांड्याजवळच्या भागाने, न पुसता ढकलायचा. समोरचा बॅकस्पिन समजून बॅट ओपन करतो आणि चेंडू वर चढतो. या दोन सर्व्हिस सारख्या दिसायला लागणं, हा आमच्या मते पाच वेगवेगळ्या सर्व्हिसपेक्षा मोठा पल्ला आहे.

समोरची फिरकी वाचताना

नजर खांद्यावर किंवा टॉसवर ठेवू नका. चेंडूला स्पर्श होतो त्या क्षणी बॅट कुठे चाललीय तेवढंच पाहा. नंतरची हालचाल बहुधा फसवायला असते. बॅट खाली गेली तर बॅकस्पिन, वर-पुढे गेली तर टॉपस्पिन. तेही हुकलं तर चेंडू सांगतो: बॅकस्पिन टप्प्यानंतर रेंगाळतो, टॉपस्पिन टप्पा पडताच पुढे झेपावतो, आणि चेंडूवरचा छाप स्पष्ट दिसत असेल तर फिरकी जवळपास नाहीच. बाजूच्या फिरकीला एक हमखास युक्ती आहे. सर्व्हिस करणाऱ्याची बॅट ज्या दिशेला गेली, त्याच दिशेला चेंडू तुमच्या बॅटवरून पळतो. म्हणून बॅट जिथून निघाली, त्या बाजूला नेम धरा.

आखूड सर्व्हिस घ्यायला नुसता हात लांब करू नका. उजवा पाय टेबलाखाली टाका, पुश करा, आणि लगेच मागे या. मागे यायचं विसरणारा पुढच्या लांब चेंडूवर कोंडीत सापडतो.

टॉपस्पिन आणि पाय

पुश स्थिर झाल्यावरच टॉपस्पिनला हात घाला. बॅकस्पिनवर टॉपस्पिन मारताना बॅट उजव्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत खाली न्या, वजन उजव्या पायावर, बॅट जवळजवळ उभी. चेंडू उसळीच्या टोकावरून खाली यायला लागला की पाय आणि कंबरेतून वर उठत त्याला घासा. नेटमध्ये जात असेल तर हात फार पुढे चाललाय, आणखी वरच्या दिशेने न्या. समोरून ब्लॉक, म्हणजे नुसती बॅट लावून अडवलेला चेंडू, किंवा टॉपस्पिन आला असेल तर गणित बदलतं: तो चेंडू रबराला लागून वर उडतो, म्हणून बॅट अधिक क्लोज, सुरुवात टेबलाच्या उंचीवरून, दिशा पुढे. एकाच कोनात दोन्ही मारायला गेलात तर एक नेटमध्ये आणि दुसरा बाहेर जाणार.

पायांसाठी फाल्कनबर्ग ड्रिल करा. जोडीदार पहिले दोन चेंडू तुमच्या बॅकहँड कोपऱ्यात देतो, तिसरा फोरहँड कोपऱ्यात. पहिल्यावर बॅकहँड, दुसऱ्यावर वळसा घालून तिथूनच फोरहँड, तिसऱ्यावर धावत फोरहँड. पाय ओलांडून पळू नका, चवड्यांवर बाजूला सरका. नीट होत असेल तर पाच मिनिटांत घाम निथळतो.

मॅचमध्ये हे सगळं तीन चेंडूंत एकत्र येतं: आखूड बॅकस्पिन सर्व्हिस, समोरून लांब पुश, त्यावर तुमचा टॉपस्पिन. गेम ११ गुणांचा, दोन-दोन सर्व्हिस, १०-१० नंतर एकेक. दोन गुण सहज देण्याइतकी उसंत नसते. नेम कोपऱ्यांपेक्षा समोरच्याच्या खेळत्या कोपराकडे धरा, फोरहँड घ्यावा की बॅकहँड यातच तो अडकतो.

आणि सुरू करण्यापूर्वी समोरच्याची बॅट मागून घेऊन पाहा, नियमाने ती दाखवावीच लागते. एका बाजूला लाँग पिंपल्स, म्हणजे लांब दाण्यांचं रबर, असेल तर त्या बाजूचा रंग लक्षात ठेवा. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय महिला संघात ठाण्याची मधुरिका पाटकर होती, आणि त्याच संघातली मनिका बत्रा बॅकहँडला असंच रबर लावून खेळते; मध्येच बॅट फिरवून बाजूही बदलते. दाण्यांवरून तुमचीच फिरकी उलटी होऊन येते: तुम्ही जोरदार टॉपस्पिन मारला तर परत बॅकस्पिन, तुम्ही कापलेला पुश दिला तर परत हलका टॉपस्पिन. म्हणून तिथे आधी मारलेल्या फटक्यावरून पुढचा कोन ठरवा. टॉपस्पिननंतर बॅट उभी आणि हात वर, कापलेल्या पुशनंतर बॅट थोडी क्लोज. गोंधळ झालाच तर त्या बाजूला फिरकी नसलेला लांब चेंडू द्या आणि परत येणारा सावकाश, उसळीच्या टोकावर घ्या.