ओव्हरसाइज लोड ओढायचाय? मग मैल नको, दिवस मोजा

अमेरिकेत ट्रक घेऊन ओव्हरसाइज लोड, म्हणजे कायद्याच्या मर्यादेपेक्षा रुंद, उंच किंवा जड माल, ओढायचा विचार करणाऱ्या मराठी मंडळींचे मला अधूनमधून फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ओव्हरसाइजला मैलाला किती सुटतात?" मी उलट विचारतो, दिवसाला किती सुटतात ते का नाही विचारत?

समजा, 900 मैलांचा लोड आहे आणि मैलाला 5 डॉलर मिळतात. 4,500 डॉलर ऐकून कोणाचेही डोळे चमकतील. आता कॅलेंडर उघडा. गुरुवारी दुपारी माल चढला. शेवटच्या राज्याचं परमिट (असा माल नेण्याची परवानगी) शुक्रवारी दुपारी हातात आलं आणि दोन-तीन तासांत सूर्य मावळला. शनिवारी बरी मजल मारली. रविवारी वाटेतल्या एका राज्यात बंदी. सोमवारी शहराबाहेर सकाळची गर्दी ओसरेपर्यंत थांबलात. पोचलात तेव्हा क्रेनवाला म्हणाला, उद्या या. मंगळवारी माल उतरला. डिझेलचे 960 आणि परमिटचे 300 वजा केले (डिझेलमध्ये पुढच्या लोडपर्यंतचे 300 रिकामे मैलही आले), तर उरले 3,240. भागिले सहा दिवस, म्हणजे रोजचे 540. त्यातून ट्रकचा हप्ता, विमा, टायर आणि टॅक्स अजून जायचेत. नेहमीच्या मापाचा माल उघड्या सपाट ट्रेलरवर नेणारा साधा फ्लॅटबेडवाला तेच 900 मैल दोन दिवसांत मारून तिसऱ्या दिवशी दुसरा माल चढवतो.

म्हणजे धंदा वाईट आहे असं नाही. मी यातच घर चालवतो. पण इथे पैसे गाडी चालवण्याचे कमी आणि थांबण्याचं नियोजन करण्याचे जास्त मिळतात, हे डोक्यात पक्कं हवं.

या थांबण्याचं मूळ परमिटात आहे. 8 फूट 6 इंचांपेक्षा रुंद किंवा एकूण 80,000 पौंडांपेक्षा जड झालात की परमिट लागतं. उंचीची मर्यादा बऱ्याच राज्यांत 13 फूट 6 इंच, पश्चिमेकडे काही ठिकाणी 14 फूट. अख्ख्या देशाला चालणारं एक परमिट नसतं, वाटेतल्या प्रत्येक राज्याचं वेगळं काढावं लागतं. टेक्सासचे नियम ओक्लाहोमाला लागू नाहीत. पायलट कार (लोडच्या पुढे-मागे चालणारी इशारा गाडी) किती रुंदीला लागते, शनिवार-रविवारी चालता येतं का, कुठल्या शहरात किती वाजता बंदी, सगळं राज्यागणिक बदलतं. साधारणपणे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत चालता येतं, पण तेही त्या-त्या परमिटावर वाचूनच. डिसेंबरात दिवस केवढासा असतो ते तुम्हाला पहिल्याच हिवाळ्यात कळेल. लॉगबुकात गाडी चालवायचे 11 तास शिल्लक असतात आणि बाहेर अंधार पडलेला असतो.

आणखी एक. माल सुटा करता येत असेल तर परमिट मिळत नाही. दोन लहान मशीन शेजारी-शेजारी ठेवून "रुंद झालं, परमिट द्या" असं चालत नाही. ब्रोकर (लोड मिळवून देणारा दलाल) गोड बोलून असा लोड गळ्यात मारायला बघतो. नाही म्हणा.

आता सुरुवात कशी करायची. कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या इमिग्रेशनच्या स्थितीवर बरंच अवलंबून आहे आणि ते वकिलालाच विचारा. एच-वन-बी वर असाल तर हा धंदा तुमच्यासाठी नाही. क्लास ए सीडीएलसाठी (ट्रक-ट्रेलर चालवायचं व्यावसायिक लायसन्स) 2022 पासून मान्यताप्राप्त शाळेतलं प्रशिक्षण सक्तीचं आहे. ड्रायव्हरला इंग्रजी यायला हवं हा नियम जुनाच, पण जून 2025 पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजीत उत्तरं देता आली नाहीत तर जागेवर गाडी बंद करतात. आपल्या उच्चारांची काळजी करू नका. मात्र उंची, रुंदी, एक्सलवरचं वजन आणि परमिटावरचा मार्ग हे सगळं इंग्रजीत धडाधड सांगता आलं पाहिजे.

त्यानंतर एकदम स्वतःची अथॉरिटी (स्वतःच्या नावावर माल वाहायचा सरकारी परवाना) काढू नका. फी फक्त 300 डॉलर आहे, त्यामुळे मोह होतो. पण नव्या अथॉरिटीचा विमा कंबरडं मोडतो. कायद्याने किमान साडेसात लाख डॉलरचं लायबिलिटी कव्हर लागतं, पण बहुतेक ब्रोकर दहा लाखांखाली बोलतच नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आतल्या अथॉरिटीला अवजड माल द्यायला पुष्कळजण कचरतात. आधी दुसऱ्याच्या ट्रकवर पगारी ड्रायव्हर म्हणून साखळ्यांनी माल बांधायला शिका. मग स्वतःचा ट्रक घेऊन एखाद्या कंपनीला लीजवर लावा. भाड्याच्या टक्केवारीवर लावलात तर मूळ फ्रेट बिलाची (भाड्याच्या बिलाची) प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि कागद जमा केल्यापासून 15 दिवसांत पैसे देणं कंपनीवर बंधनकारक आहे. मला हे दोन वर्षं माहीतच नव्हतं. ज्या कंपनीकडे होतो ती जो आकडा सांगायची त्याचे टक्के मी मुकाट घ्यायचो. पुढे बिल मागितलं तेव्हा खरा आकडा कळला आणि त्याच आठवड्यात मी तिथून निघालो.

साखळ्यांचा विषय निघालाच आहे तर नीट ऐका, नवा माणूस इथेच चुकतो. नियम सांगतो की बांधणीची एकूण क्षमता मालाच्या वजनाच्या निम्मी हवी. 45,000 पौंडांचा एक्स्कॅव्हेटर (खोदाईचं मशीन), म्हणजे 22,500. तीन-अष्टमांश इंची ग्रेड 70 (मजबुतीचा दर्जा) साखळीची क्षमता 6,600, चार लावल्या की 26,400, झालं काम, असं वाटतं. झालेलं नसतं. साखळी ट्रेलरपासून निघून थेट मशीनच्या हुकाला जात असेल तर तिची निम्मीच क्षमता धरतात. त्या चार मिळून 13,200 च भरल्या. अर्धा इंची घेतल्या तर एकीची क्षमता 11,300, चारांची निम्मी 22,600, म्हणजे जेमतेम पास. मी अशा मशीनला सहा लावतो आणि बूम-बकेटची (मशीनचा लांब हात आणि पुढचं खोरं) वेगळी. पहिल्या 50 मैलांच्या आत थांबून सगळ्या बाइंडरवर (साखळ्या आवळणारे खटके) हात फिरवायचा, त्यात आळस नको.

आणि मोजा. स्वतः मोजा. एका एक्स्कॅव्हेटरच्या वेळी पाठवणाऱ्याच्या कागदावर एकूण उंची 13 फूट 10 इंच लिहिली होती आणि परमिट त्याच आकड्यावर काढलेलं. मी उंची मोजायची काठी लावली तर 14 फूट 3. बूमच्या कोपरावरचा हायड्रॉलिक होज (तेलाची नळी) कोणी धरलाच नव्हता. यार्डातला माणूस वैतागला, "सगळे असेच नेतात" म्हणाला. बकेट आत वळवून, बूम आणखी खाली घेऊन पाऊण तासात 14 फूट 1 वर आणलं. तरी परमिट बदलून घ्यावं लागलं आणि रात्र तिथेच काढली. ब्रोकर चिडला. चिडू दे.

2013 च्या मे महिन्यात वॉशिंग्टन राज्यात आय-5 महामार्गावरच्या स्कॅजिट नदीच्या पुलाचा एक गाळा एका ओव्हरसाइज लोडने पाडला. पुलावरची लोखंडी चौकट कमानीसारखी होती. मधे उंची पुरेशी होती, उजव्या लेनकडे कमी. पुढे उंचीचा दांडा लावलेली पायलट कार होती आणि तिची चालक फोनवर बोलत होती. मी पायलटला निघण्याआधीच सांगतो, फोन बंद, फक्त सीबी (ट्रकवाल्यांचा रेडिओ).

परमिटावर प्रत्येक वळण लिहिलेलं असतं. एखादं चुकलं तर जीपीएस ऐकून पुढच्या एक्झिटला उतरू नका. सुरक्षित जागा बघून थांबा आणि परमिट ऑफिसला फोन करा. वेळ जाईल, पण खालच्या पुलात अडकण्यापेक्षा बरं.

लोड घेण्याआधी रेट कन्फर्मेशनवर (ठरलेलं भाडं लिहिलेला कागद) तीन गोष्टी लिहून घ्या: पायलट कारचे पैसे कोण देणार, परमिटचे कोण, आणि अडकून पडल्यास दिवसाचे किती. तोंडी आश्वासनाला किंमत नाही. वायोमिंगात लॅरामी ते रॉलिन्स वाऱ्याने रस्ता बंद झाला की दोन दिवस सहज जातात. त्या दोन दिवसांचे कोणी देणार का, हे वारा सुटण्याआधी ठरलेलं असावं.

टॅक्ससाठी वेगळं खातं उघडा आणि प्रत्येक चेकमधून त्यात टाका, कारण तिमाही हप्ते तुमचे तुम्हालाच भरायचे असतात. 75,000 पौंडांवरच्या गाडीला दरवर्षी 550 डॉलरचा अवजड वाहन कर आहे, जुलैत गाडी रस्त्यावर असेल तर ऑगस्टअखेर भरायचा. शिवाय तीन महिन्यांचा खर्च बाजूला हवा. ट्रान्समिशन कधी जाईल ते सांगून जात नाही.

उंची मोजायची काठी घेताना फायबरग्लासचीच घ्या. लोखंडी टेप स्वस्त पडतो, पण यार्डात डोक्यावरून विजेच्या तारा गेलेल्या असतात.